घोडे बदलायचं गाव आणि मोबाइलवरची गाडी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीनंतरची गोष्ट. माझी नणंद मुरबाडकडच्या आमच्या गावाहून बदलापूरला आली होती, आजारी वडिलांना भेटायला. आम्ही मांजर्लीत राहतो, बदलापूर पश्चिमेला. त्या दिवशी सकाळी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डायलिसिससाठी अंबरनाथला न्यायचं होतं. मी मोबाइल धरून दारात उभी. गाडी चार मिनिटांवर दाखवत होती. तिकडे नाक्यावर पाच-सहा रिक्षा ओळीनं उभ्या. वन्सं एकदा रिक्षांकडे बघतात, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाल्या, "वहिनी, रिक्षा समोर उभ्या आहेत आणि तुम्ही मोबाइलमध्ये गाडी शोधताय? शहरात राहून ही कसली सवय लागली तुम्हाला?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. गाडी आली, आम्ही बसलो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. शहरातली माणसं मोबाइलवरून गाडी का बोलावतात? आळस म्हणून? पैसा जास्त झाला म्हणून? मी घरातलं, शेजारचं बघितलं, थोडं जुनं वाचलं, आणि माझ्या ध्यानात आलं की याचं उत्तर मोबाइलच्या बरंच आधी सुरू होतं. म्हणून आज जरा मागे जाऊन सांगते.

आमच्या बदलापूरचं नावच प्रवासातून आलं असं म्हणतात. शिवाजी महाराजांच्या काळी सुरतेच्या वाटेवर जाणारे स्वार इथे थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत, म्हणून हे बदलापूर. ही तोंडातोंडी चालत आलेली गोष्ट आहे, तिला कागद मागू नका. पण तिच्यातली एक गोष्ट मला फार पटते. पुढचा घोडा स्वाराच्या मालकीचा नसला तरी चालत होतं. अमुक गावात गेलं की तो मिळेल, एवढा भरवसा पुरे होता.

मग आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे आपण शाळेत शिकलोय. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले आणि १८५६ मध्ये कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत. हा रस्ता आमच्या बदलापूरवरून जातो. म्हणजे पुण्याला घाटातून गाडी जायच्या आधी आमच्याकडे रूळ होते. आमची माणसं अजूनही हे जरा मान वर करून सांगतात!

आगगाडीनं वेग आणला हे तर खरंच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. तिनं भाडं छापलं. त्याआधी कुठं जायचं तर बैलगाडीवाल्याशी नाहीतर टांगेवाल्याशी बोलणं आलं, घासाघीस आली. ओळखीच्याला एक भाव, परक्याला दुसरा, आणि एकट्या बाईला तिसराच. रेल्वेच्या तिकिटावर आकडा ठरलेला. गाडी किती वाजता सुटणार तेही ठरलेलं. पैसे खिडकीत सरकवायचे, तिकीट घ्यायचं, कुणाची मनधरणी नाही. निघायच्या आधी दाम माहीत आणि वेळ माहीत. हे सुख किती मोठं, ते रात्री आठ वाजता एसटी चुकल्यावर फाट्यावर उभ्या राहिलेल्या बाईला विचारा.

रेल्वेनं गावाचं तोंडच फिरवलं. आधी गावं नदीकडे बघत असत, आता ती स्टेशनकडे बघू लागली. आमच्या पश्चिमेच्या अंगाला उल्हास नदी आहे, पण घराची जाहिरात वाचाल तर 'स्टेशनपासून इतक्या मिनिटांवर' असंच लिहिलेलं असतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि पुढे मुंबईतली घरं परवडेनाशी झाल्यावर परळ, लालबाग, दादर, मग ठाणे, डोंबिवली असं करत माणसं रुळाच्या कडेकडेनं बाहेर सरकली. बदलापूर मुंबईच्या मोठ्या स्टेशनापासून साधारण ६८ किलोमीटर. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली आमची वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आता किती असेल, तुम्हीच अंदाज करा.

पण आगगाडी स्टेशनपर्यंतच आणते. स्टेशन ते घर हा तुकडा राहतोच. आणि बाईचा प्रवास बहुतेक या तुकड्यातच असतो. नोकरदार माणूस सकाळी घरातून स्टेशनला जातो आणि रात्री स्टेशनवरून घरी येतो. एक सरळ रेघ. घर सांभाळणारी बाई मात्र पोराला शाळेत सोडते, तिथून दवाखाना, दवाखान्यातून भाजी, मग बँक, वाटेत दळण, आणि संध्याकाळी आईला बरं नाही म्हणून माहेरी चक्कर. ही रेघ नाही, रांगोळी आहे. हातात पिशवी, काखेत मूल, सोबत म्हातारं माणूस. नोकरी करणारीला तर दोन्ही, रेघही आणि रांगोळीही. रेल्वेनं बायकांचा वेगळा डबा दिला, ५ मे १९९२ पासून चर्चगेट ते बोरिवली अख्खी महिला स्पेशल गाडी चालवली. पण स्टेशनाबाहेर पडल्यावर महिला स्पेशल काही नाही.

हा मधला तुकडा कुणी भरायचा, हा प्रश्न मुंबईत आधी उभा राहिला. तिथे घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, मग १९०७ मध्ये विजेची आली आणि १९६४ मध्ये बंद पडली. सोबत भाड्याच्या घोडागाड्या होत्या, व्हिक्टोरिया म्हणायचे त्यांना. गाडीवान मनाला येईल ते भाडं मागू लागले, येणार नाही म्हणू लागले, की तक्रारी व्हायच्या आणि सरकार नियम करायचं. १९२० साली मुंबईत भाड्याच्या वाहनांसाठी कायदा होता, त्यात परवाना होता, भाड्याचे नियम होते. म्हणजे 'भाडं किती' आणि 'येतो का नाही' ही दोन भांडणं शंभर वर्षांहून जुनी आहेत. मोबाइलनं ती निर्माण केली नाहीत.

मोटारीची टॅक्सी आली तेव्हा या भांडणावर एक यंत्र काढलं गेलं. तो म्हणजे मीटर. गाडीच्या पुढच्या अंगाला बाहेर बसवलेला, पाडला की टिंग वाजायचा. काळ्या-पिवळ्या रंगाच्या पद्मिनी गाड्या तुम्ही सिनेमात पाहिल्या असतील. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मला मात्र त्या मीटरचंच कौतुक आहे. गाडीवान आणि बसणारा या दोघांच्या मध्ये बसलेला तो तिसरा साक्षीदार.

आता आमच्याकडे या. मुंबई बेटावर रिक्षाला परवानगी नाही, पण उपनगरात आणि आमच्या कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात रिक्षा हाच राजा. मीटर रिक्षाला लावलेला असतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर भागात रिक्षाचं कमीत कमी भाडं २३ रुपयांवरून २६ झालं, टॅक्सीचं २८ वरून ३१ झालं, ते दीड किलोमीटरपर्यंतचं. कागदावर हे आम्हालाही लागू आहे. पण आमच्याकडे मीटर फारसा कुणी पाडत नाही. आमच्याकडे चालते ती शेअर रिक्षा.

शेअर रिक्षा तुम्हाला समजावून सांगायला नको. तुमच्याकडे साताऱ्या-सांगलीत तिला वडाप म्हणतात, मराठवाड्यात, विदर्भात काळी-पिवळी, कोकणात मिनिडोर. स्टेशनाबाहेर रांग लागते, मागे तीन, कधी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला चौथा, भरली की सुटली. माणशी ठरलेले पैसे. सरकारनं लावलेली नाही, कंपनीनं काढलेली नाही. लोकांच्या गरजेतून आणि रिक्षावाल्यांच्या हिशेबातून उभी राहिलेली ही व्यवस्था आहे, आणि मी म्हणेन की ती हुशार व्यवस्था आहे. एकट्यानं भरायचे पैसे चौघांत वाटून जातात.

आणि ही फक्त आपलीच युक्ती नाही. अमेरिकेत १९१४ मध्ये मंदी आली होती. लॉस एंजेलिस शहरात ज्यांच्याकडे फोर्ड मोटार होती असे लोक ट्रामच्या वाटेवर गाडी घेऊन उभे राहू लागले आणि पाच सेंटमध्ये वाटेतली माणसं भरून नेऊ लागले. पाच सेंटच्या नाण्याला बोलीभाषेत जिटनी म्हणत, म्हणून गाडीचंही नाव जिटनी पडलं. थोड्या महिन्यांत ती देशभर पसरली. ट्राम कंपन्यांचं गिऱ्हाईक पळालं, त्या ओरडू लागल्या, आणि शहराशहरांनी इतके नियम लावले की काही वर्षांत जिटनी बहुतेक ठिकाणी संपली. वडापवाले आणि एसटी यांचं भांडण तुम्ही पाहिलंय ना? अगदी तेच, फक्त शंभर वर्षं आधी आणि सातासमुद्रापार.

आपल्या कायद्यातही ही अडचण आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन प्रकार आहेत. एक, अख्खी गाडी एका गिऱ्हाइकानं ठरवून घ्यायची. दुसरा, थांब्याथांब्यावर माणसं चढवायची-उतरवायची आणि प्रत्येकाचं भाडं वेगळं घ्यायचं, जसं एसटी करते. जीप-रिक्षांचा परवाना असतो पहिल्या प्रकारचा आणि काम चालतं दुसऱ्या प्रकारचं. काही शहरांत शेअरचे मार्ग आणि भाडी अधिकाऱ्यांनी मंजूर करून दिली आहेत, बाकी ठिकाणी पोलीस दिसला की जीपवाला शेवटच्या दोघांना आधीच उतरवतो. हे तुम्हाला मी काय सांगू!

तर शेअर रिक्षा चांगली. पण तिला तीन अटी आहेत. ती भरल्याशिवाय सुटत नाही. ती ठरलेल्या रेघेवरूनच जाते. आणि तिला धडधाकट माणूस लागतो. ज्याला दाटीवाटीनं बसता येतं, नाक्यावर उतरून उरलेलं चालता येतं, असा माणूस. म्हातारं, पोटुशी, प्लॅस्टर घातलेलं, झोपलेलं पोर खांद्यावर घेतलेलं, असं कुणी असेल तर 'स्पेशल' करावी लागते. स्पेशल म्हणजे अख्खी रिक्षा. आणि स्पेशलचा भाव कुठेही लिहिलेला नसतो. तो तुमच्या तोंडाकडे बघून ठरतो.

मामंजींचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मला हे कळलं. आठवड्यातून तीनदा, कधीही न चुकता. जायचं एकवेळ जमतं, यायचं फार अवघड. चार तास सुई टोचलेला हात, रक्तदाब उतरलेला, पायात जीव नाही, घशाला कोरड आणि पाणी मोजून प्यायचं. अशा माणसाला धरून मी रस्त्यावर उभी राहून रिक्षा विचारायची. एक दीडशे म्हणाला, दुसरा अडीचशे. एकानं तर बदलापूर पश्चिम म्हटल्यावर मानच हलवली, तिकडून परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. त्याचंही खोटं नव्हतं. पण मामंजी तिथेच पायरीवर बसले. त्या दिवशी ते घरी आल्यावर म्हणाले, "सूनबाई, हे सोडून देऊ या का?" डायलिसिस सोडणं म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या रात्री माझ्या मुलीनं, ती ठाण्याला असते, माझ्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं. पुढच्या खेपेला तर तिनंच तिच्या कचेरीत बसून आमच्यासाठी दवाखान्याच्या दारात गाडी बोलावली. मला फक्त नंबर पाहून बसायचं होतं. भाडं आधीच ठरलेलं. माझ्याकडे बघून नाही, मामंजींच्या हालाकडे बघून नाही.

हे ॲपचं गणित कुठून आलं, तेही सांगते. २००७ च्या सुमारास मुंबईत फोन करून बोलवायच्या वातानुकूलित टॅक्सी सुरू झाल्या. पण त्यात मध्ये माणूस लागायचा, फोन उचलणारा. गाडी कुठे आहे हे त्याला विचारावं लागायचं. २००९ मध्ये अमेरिकेत उबर कंपनी निघाली आणि २०१० मध्ये आपल्या मुंबईत ओला सुरू झाली, पवईच्या आयआयटीत शिकलेल्या दोन तरुणांनी काढलेली. उबर २०१३ मध्ये भारतात बंगळुरूला आली. या कंपन्यांनी बहुतेक गाड्या स्वतः विकत घेतल्याच नाहीत. गाडी ड्रायव्हरची किंवा कुणा मालकाची. कंपनीकडे काय? नकाशा. उपग्रहाच्या मदतीनं तुमचा मोबाइल कुठे आहे ते तिला दिसतं, जवळची मोकळी गाडी दिसते, ती दोघांची गाठ घालून देते, अंतर आणि वेळ यांवरून भाडं आधी सांगते आणि त्यातून आपला वाटा कापून घेते. बाजारातल्या दलालासारखंच, फक्त दलाल दिसत नाही.

सुरुवातीला भाडी इतकी कमी होती की लोक चकित झाले. ते पैसे गुंतवणूकदारांचे होते. गिऱ्हाइकाला सवलत, ड्रायव्हरला वरून बोनस. गावोगावच्या पोरांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. तुमच्यापैकी कुणाच्या मुलानं, भावानंही घेतली असेल. मग सवय लागल्यावर सवलती आटल्या, बोनस आटला, हप्ते मात्र राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ॲप-ड्रायव्हरांनी मोठा संप केला. पुढच्या वर्षांतही असे संप झाले.

आणि सुरक्षिततेचं? इथे जरा थांबून बोलते, कारण बायका ॲप का वापरतात याचं अर्धं उत्तर यात आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या गाडीत एका तरुणीवर ड्रायव्हरनं बलात्कार केला. त्याच्यावर आधीचे गुन्हे होते आणि तरी तो गाडी चालवत होता. देशभर संताप उसळला, दिल्लीत या सेवेवर बंदी आली, पुढे त्याला जन्मठेप झाली. त्यानंतर ॲपमध्ये संकटाचं बटण आलं, आपली गाडी कुठे आहे हे घरच्यांना मोबाइलवर दाखवायची सोय आली, ड्रायव्हरांच्या पोलीस तपासणीचा आग्रह वाढला. म्हणजे ॲप आलं म्हणून बाई सुरक्षित झाली, असं नाही. एका मुलीनं भोगलं, तिनं तक्रार केली, म्हणून बाकीच्यांना ते बटण मिळालं.

आमच्या बदलापुरातही २० ऑगस्ट २०२४ ला हजारो लोक स्टेशनात रुळांवर उतरले होते, तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. शाळेतल्या दोन लहानग्या मुलींवर झालेल्या अत्याचारामुळे. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या आया शाळेच्या व्हॅनवाल्याचंही नाव-गाव, गाडीचा नंबर लिहून ठेवायला लागल्या. आधी नुसतं "व्हॅनवाले काका" एवढंच होतं. ॲपच्या गाडीत बसताना समोर नाव येतं, फोटो येतो, नंबर येतो. दहा वाजता स्टेशनवर उतरलेली पोरगी ती पाटी आईला पाठवते आणि मग बसते. आई जागीच असते, पण तिच्या हातात काहीतरी धरायला असतं.

माझ्या शेजारणी ॲप कशासाठी वापरतात, ते मी मोजून पाहिलं. रोज स्टेशनला जायला कुणीच नाही, त्याला शेअर रिक्षाच स्वस्त. दवाखाना, रात्रीची उशिराची गाडी, बॅगा घेऊन लांबच्या गाडीला जाणं, लग्नाला नटून-थटून जाणं, आणि नवख्या ठिकाणी पत्ता सापडत नाही तेव्हा. एकीनं सांगितलं ते मला फार आवडलं. ती म्हणाली, नवऱ्याला "सोडायला येता का" असं विचारावं लागत नाही. तिच्या दारात मोटारसायकल उभी असते, पण किल्ली नवऱ्याच्या खिशात.

मुंबईसारख्या ठिकाणी आणखी एक कारण आहे, जागेचं. गाडी घ्यायची तर ठेवायची कुठे? काही घरांना स्वतःची गाडी परवडते, पण गाडी ठेवायची जागा परवडत नाही. अशी माणसं ॲपवर विसंबतात. आणि चौघांनी मिळून एक गाडी वाटून घ्यायची सोयही या कंपन्यांनी काढली होती, म्हणजे आपलं वडापच की! पण २०२० मध्ये कोरोना आला आणि अनोळखी माणसाशेजारी बसणंच बंद झालं, तशी तीही थांबली.

आता खोट काय ते. पाऊस लागला, लोकल बंद पडली, की त्याच रस्त्याचं भाडं वाढतं. गरज जास्त, दाम जास्त. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारभर माणसांना बोटींनी काढावं लागलं. असल्या दिवशी मोबाइलवर किती बोटं फिरवली तरी गाडी येत नाही. शिवाय जुनं दुखणं नव्या रूपात आलं आहेच. ड्रायव्हर फोन करून विचारतो, "कुठं जायचंय? पैसे रोख देणार का ऑनलाइन?" आणि उत्तर आवडलं नाही की फेरी रद्द. मामंजींना धरून मी अशीही दोनदा उभी राहिले आहे. रिक्षावाला निदान तोंडावर नाही म्हणायचा.

पण एकदा एका ड्रायव्हरनं मला दुसरी बाजू दाखवली. म्हसवडकडचा पोरगा, तिशीतला. बायको-पोरं गावाकडे, दोन म्हशी, कोरडवाहू रान. अंबरनाथच्या चढावर गर्दीत अडकलो होतो तेव्हा बोलला, "मावशी, गाडी माझी, कर्ज माझं, गॅस माझा, दंड लागला तर तोही माझा. गिऱ्हाईक तेवढं त्यांचं." परतीचं रिकामं यावं लागतं त्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून काही फेऱ्या नको म्हणतो, असं त्यानं सरळ सांगितलं. मामंजी मागून म्हणाले, "अरे, मग आम्हाला का आणलंस?" तो म्हणाला, "आबा, दवाखान्याचं नाव दिसलं स्क्रीनवर." मी काही बोलले नाही. उतरताना त्याला घरचा डबा दिला, एवढंच.

सरकारला हे कळायला वेळ लागला. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांचं नाव कायद्यात पहिल्यांदा आलं. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रानं मार्गदर्शक नियम काढले. गाडी ड्रायव्हरची असेल तर भाड्यातला किमान ८० टक्के वाटा त्याला, गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नाही, विनाकारण फेरी रद्द केली तर दंड, मग ती ड्रायव्हरनं करो की गिऱ्हाइकानं. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कंपन्यांना सांगितलं की परवान्यासाठी अर्ज करा, परवान्याशिवाय चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राचे नवे नियम आले आणि दीडपटीची मर्यादा दुप्पट झाली. हे नियम लागू करायचे राज्यांनी. १९२० च्या घोडागाडीच्या कायद्यासारखंच आहे सगळं. परवाना, भाडं, आणि 'येतो का नाही'.

वन्सं आठ दिवस राहिल्या. तीनदा आमच्यासोबत डायलिसिसला आल्या. जाताना म्हणाल्या, "वहिनी, आता कळलं. पण आमच्याकडं हे काही यायचं नाही. आमच्या पाड्यावर मोबाइलला रेंजच नाही, नकाशात आम्ही दिसणार कुठून?"

खरंच होतं ते. एक ड्रायव्हर आणि पन्नास गिऱ्हाइकं जवळजवळ असतील तरच कंपनीला ते परवडतं. दहा किलोमीटरवर एक घर, तिथे कोण येणार?

महिन्यानं त्यांचा फोन आला. त्यांच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला होता. गावात तीन जीपवाले आहेत. बायकांनी तिघांना बैठकीला बोलावलं, चहा दिला आणि ठरवून घेतलं. रात्री-अपरात्री मुरबाडच्या दवाखान्यात न्यायचं किती, कल्याणला न्यायचं किती. तिघांची नावं, फोन नंबर, गाडीचे नंबर आणि हे भाव गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिले, खाली तिघांच्या सह्या. पहिला आला नाही तर दुसऱ्याला फोन, दुसरा नाही तर तिसऱ्याला. बाळंतिणीची वेळ आली तर आधी १०८ ला नाहीतर १०२ ला फोन लावायचा, तो लागला नाही तर मग जीप, असंही लिहिलंय. त्या वेळी ज्याच्याकडे पैसे नसतील त्याचे गटाच्या पैशातून द्यायचे आणि नंतर फेडून घ्यायचे. एका जीपवाल्यानं सही करायला जरा कुरकुर केली म्हणे. तेव्हा त्याच्या आईनंच त्याच्या हातात पेन दिला. ती गटात आहे.

मी विचारलं, "मग, कुणी बोलावली का गाडी?"

वन्सं म्हणाल्या, "परवाच. रात्री दोनला. दुसऱ्यानं उचलला फोन."